पेटी, भाता आणि विजेची पट्टी

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं गाण्याचें वेड जोपासणारीं शहरें. कल्याणचा गायन समाज 1926 सालापासून चालत आला आहे. येथील अनेक घरांत जुन्या पेटीशेजारीं आतां विजेवर चालणारा की-बोर्ड येऊन बसला आहे. नातू त्यावर हार्मोनियमचा आवाज निवडतो, दोन पलटे वाजवितो, आणि आजोबा म्हणतात, "ही आपली पेटी नव्हे." हा केवळ वयाचा हट्ट नाहीं, त्यामागें दोन-तीन शतकांचा इतिहास आहे.

इ. स. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरीनें पियानो घडविला. पट्टी जोरानें दाबावी तर स्वर मोठा, हळू दाबावी तर नाजूक, ही त्याची किमया. 1842 सालीं पॅरिसच्या दबँनें हार्मोनियमचें पेटंट घेतलें, त्याची रीत निराळी. येथें पितळी जीभ वाऱ्यानें थरथरते. बोट केवळ दार उघडतें. लहानमोठेपणा राहतो भात्याच्या हातीं. हेंच वाद्य हिंदुस्थानांत आलें, हातपेटी झालें, आणि मराठी रंगभूमीनें त्याला आपलेंसें केलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं त्याला मैफिलींत मान मिळवून दिला.

परंतु पेटीवर आक्षेपही कठोर होते. तिच्यांत मींड नाहीं, आणि तिचे बारा स्वर कायमचे ठरलेले. 1 मार्च 1940 पासून खुद्द आकाशवाणीनें तिला आपलीं दारें बंद केलीं. साथीपुरती ती सवलत मिळण्यास 1971 साल उजाडावें लागलें.

पेटी टाकून न देतां ती सुधारावी, असें मानणारेही होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं 1910 सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमेंट्स नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची पेटी लंडनहून घडवून घेतली. त्याच विचाराची आजची कडी ठाण्यांतच आहे. तेथील डॉ. विद्याधर ओक यांच्या पेटींत षड्ज व पंचम अचल आहेत. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकीं दोन श्रुति. दोन आणि वीस मिळून बावीस. खुंटी ओढून रागास हवी ती श्रुति निवडावयाची.

विजेच्या वाद्यांनींही हाच प्रश्न नव्यानें पुढें आणला. 1954 च्या 'नागिन' चित्रपटांतील गाजलेली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनीं वाजविलेलें क्लॅव्हिओलिन नांवाचें विजेचें वाद्य होतें. आवाज उसना घेतां येतो, हें तेव्हांच सिद्ध झालें. आजच्या की-बोर्डांत पट्टीखालीं एकामागून एक टेकणारे दोन स्पर्शबिंदु असतात. त्यांमधील वेळ यंत्र मोजतें: वेळ थोडा, तर आघात जोराचा. 1983 सालीं ठरलेल्या 'मिडी' संकेतांत हा जोर 1 ते 127 या अंकांनीं मांडला जातो.

आजोबांच्या तक्रारीचें मूळ येथें सांपडतें. यंत्राचा स्पर्श सामान्यतः पियानोच्या चालीवर बसविलेला असतो. पेटीचा आवाज निवडला तरी बोटाच्या जोरानें स्वर लहानमोठा होत राहतो, आणि पेटी कधीं तशी वागत नाहीं. तेव्हां त्या आवाजापुरता स्पर्शभेद बंद करावा, आणि पायाच्या पॅडलानें आवाज कमीजास्त करून भात्याचें काम साधावें.

कांहीं की-बोर्डांत स्वरही सरकवितां येतो. अर्धस्वराचे शंभर भाग, त्यांस सेंट म्हणतात. तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गांधार यंत्राच्या गांधाराहून सुमारें 14 सेंट उतरता असतो. तेवढाच गांधार उतरवून तंबोऱ्याशीं ताडून पाहावा. मात्र षड्ज बदलला कीं ही मांडणी पुन्हां करावी लागते, हें विसरूं नये.

मींड मात्र साध्या पट्टीच्या आवाक्याबाहेरच राहते. ती गळ्याची मिरास आहे. परंतु देवलांपासून ओकांपर्यंत एक गोष्ट स्पष्ट दिसते: परक्या वाद्याला आपल्या कानाचें शिक्षण देतां येतें. कारखान्यानें बसविलेला स्वर आणि स्पर्श हा शेवटचा शब्द नव्हे. आजोबांनीं की-बोर्ड झांकून ठेवण्याऐवजीं नातवाशेजारीं तंबोरा घेऊन बसावें. त्या यंत्राला उणीव आहे ती अशा कानाचीच.