पाच वर्षं की सात?

गटात नवीन सभासद घ्यायची म्हटलं, की वाद ठरलेला. तिला कर्ज कधी द्यायचं, ठरावाला हात वर करायचा हक्क कधी? जुन्या बायका म्हणतात, थोडं थांबू दे, आधी माणूस कळू दे. असाच एक वाद १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत झाला आणि त्यातून युद्ध पेटलं.

तिथं ट्रान्सवाल नावाचं प्रजासत्ताक होतं. डच वंशाच्या शेतकऱ्यांचं, म्हणजे बोअर लोकांचं. १८८६ मध्ये तिथं सोनं सापडलं आणि बाहेरचे लोक, त्यातही इंग्रज, लोंढ्यानं आले. ते कर भरत, पण १८९० पासून नियम असा, की चौदा वर्षं राहिल्याशिवाय अध्यक्षाच्या आणि मुख्य कायदेमंडळाच्या निवडणुकीत मत नाही. अध्यक्ष पॉल क्रुगर यांची भीती आपल्याला लगेच कळेल: नवे जास्त झाले, तर पेटीची किल्ली त्यांच्याकडे जाणार.

एकवीस हजारांवर सह्यांचा अर्ज व्हिक्टोरिया राणीकडे गेला. मेअखेरीस ब्लोमफाँटेनला बैठक बसली. ब्रिटिशांचे आल्फ्रेड मिल्नर म्हणाले, पाच वर्षं करा. क्रुगर सातपर्यंत उतरले. मिल्नर हटेनात. तुम्हाला आमचा देशच हवाय, असं म्हणताना म्हाताऱ्या क्रुगरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. जुलैत त्यांनी सात वर्षांचा कायदा केला. ऑगस्टमध्ये पाचलाही तयार झाले, पण आमच्यावर अधिराज्य सांगणं सोडा, ही अट घालून. लंडननं अट मानली नाही. ११ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं.

परक्या सरकारनं आपल्या मतदानाचे नियम ठरवू नयेत, हे मला पटतं. इथं क्रुगर खरे. पण ज्या नियमासाठी ते अडून बसले, त्यात होतं कोण? देशात सर्वांत जास्त असलेल्या काळ्या लोकांना मत नव्हतं. हिंदी लोकांना १८८५ च्या कायद्यानं नागरिकत्वच नाकारलेलं. बोअर बायकांनाही मत नाही. आणि हक्काच्या गोष्टी सांगणाऱ्या मिल्नरच्या इंग्लंडात तरी बाई पार्लमेंटसाठी मत देत होती का? नव्हती.

भोगलं मात्र त्यांनीच. ब्रिटिश फौजेनं बोअरांची शेतं-घरं जाळली आणि बायकापोरांना छावण्यांत कोंडलं. अपुरा शिधा, घाण पाणी, गोवर. बोअर छावण्यांत सुमारे २६ हजार बायका-मुलं गेली, त्यात मुलंच जास्त. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या. तिथल्या किमान १४ हजार मृत्यूंची नोंद आहे, आणि त्यांच्याबद्दल बोललं गेलं फारच कमी.

एमिली हॉबहाऊस ही इंग्रज बाई १९०१ मध्ये छावण्या बघून आली आणि तिनं लंडनमध्ये सगळं सांगितलं. पुन्हा गेली, तर तिला केपटाऊनला उतरू दिलं नाही. त्याआधीच सरकारनं बायकांचीच चौकशी समिती पाठवली होती. तिच्या प्रमुख मिलिसेंट फॉसेट, इंग्लंडात बायकांच्या मतासाठी झगडणाऱ्या. त्यांनाही छावण्यांचे हाल मान्य करावे लागले.

३१ मे १९०२ ला तह झाला. काळ्या लोकांच्या मताचा प्रश्न स्वराज्य दिल्यानंतर बघू, असं त्यात दोघांनी मिळून लिहिलं. गोऱ्या बायकांना तिथं मत मिळालं १९३० साली. काळ्या बायका मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या एप्रिल १९९४ मध्ये.