पंतसचिव, वाहक आणि कंडेन्सर

भोरच्या राजवाड्यावरून जाताना आमचे मन अनेकदा एका शब्दापाशी थबकते. तो शब्द म्हणजे 'पंतसचिव'. येथील संस्थानिकांची ही पदवी. संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पदवी मात्र लोकांच्या बोलण्यात राहिली. ती मुळात एक पारिभाषिक संज्ञा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवकाळात राजपत्रे आणि हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यास सुरनीस म्हणत. राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, अष्टप्रधानांना संस्कृत नामाभिधाने मिळाली, तेव्हा सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. पुढे राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि एक संज्ञा एका घराण्याचे नाव होऊन बसली.

त्याच सुमारास रघुनाथपंडितांच्या नावाने ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत त्याने कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शेजारच्या वेल्हे तालुक्यातील राजगड ही रायगडापूर्वीची राजधानी. तेथल्या सदरेवर ज्या फार्सीमिश्रित मराठीत कारभार चालला, त्याच भाषेवरचा हा संस्कार होता. (वेल्ह्याला राजगड तालुका म्हणण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते.) आज मागे वळून पाहिले तर निकाल संमिश्र दिसतो. सचिव मंत्रालयापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत सर्वत्र आहे, सेनापतीही आहे. पण लेखनवर्ग होऊन साडेतीनशे वर्षे लोटली, तरी आपण कागदावरच लिहितो, शाईनेच लिहितो आणि लिहिलेले दफ्तरातच ठेवतो. पदांची नावे बदलली, कारण पद देणारा ते देताना नावही देत होता. कागद मात्र बाजारातून येत होता, आणि बाजाराने आपला शब्द सोडला नाही.

इलेक्ट्रॉनिकीच्या मराठी परिभाषेकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. या परिभाषेचे एक मोठे केंद्र आमच्यापासून फार दूर नाही. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. पहिला खंड 1976 चा. विज्ञान मराठीत मांडायचे तर संज्ञा आधी ठरवाव्या लागतात, म्हणून परिभाषासंग्रहाचा एक स्वतंत्र खंडच त्यांनी केला. अर्धसंवाहक, धारित्र, विवर्धक, एकदिशकारक, आंदोलक हे शब्द तेथे भेटतात. त्यांतील 'एकदिशकारक' आम्हाला विशेष आवडतो. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी वस्तू, हे शब्दच सांगतो. 'रेक्टिफायर' हे इंग्रजी नाव तसे काहीच सांगत नाही.

अडचण निराळीच आहे. विश्वकोश ज्याला विद्युत् मंडल म्हणतो, त्याला शालेय पुस्तक परिपथ म्हणते. विश्वकोशाचा अर्धसंवाहक शाळेत अर्धवाहक होतो. एकाच वस्तूला सरकारच्याच दोन घरांत दोन नावे! राज्यव्यवहारकोशामागे निदान एक दरबार होता.

'अर्धवाहक' हा शब्द एकदा आम्ही वर्गात फळ्यावर लिहिला. आमचा विषय मराठी. शब्दसिद्धीचा पाठ चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अर्ध्या तिकिटाचा वाहक का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण त्या मुलाचे काही चुकले नव्हते. वेल्ह्याच्या खोऱ्यातून रोज एसटीने येणाऱ्या मुलाला वाहक माहीत आहे तो चालकाच्या जोडीचा, तिकिटे फाडणारा. इंग्रजी 'कंडक्टर'चेही दोन अर्थ आहेत आणि दोन्हींना आपण वाहकच म्हटले. खरी खोट 'अर्ध' या उपपदात आहे. वीज निम्मीच वाहते, असा समज त्यातून होतो. वास्तविक या पदार्थांचे वैशिष्ट्य असे की त्यांची वाहकता आपल्याला हवी तशी बदलता येते. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये मात्र तापवल्यावर तो घटतो, हे मायकेल फॅरडेने 1833 मध्येच नोंदवले होते. शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळला की त्याची वाहकता कितीतरी पटींनी वाढते. ही चक्क भेसळ आहे. पण मराठीत भेसळ म्हटले की दुधातले पाणी आठवते, आणि जी भेसळ मोजूनमापून, मोठ्या काळजीने केली जाते, तिला तो शब्द द्यायला हात धजत नाही.

नाव ठेवताना इंग्रजीचीही तारांबळ उडालीच होती. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर 1947 मध्ये जे नवे साधन चालले, त्याच्या बारशासाठी पुढल्या वर्षी सहकाऱ्यांना मतपत्रिका वाटल्या गेल्या. अनेक जडजंबाल नावांतून जॉन पिअर्स यांनी सुचवलेले 'ट्रान्झिस्टर' निवडले गेले. आपल्याकडे त्या शब्दाने वेगळाच संसार थाटला. मावळातल्या घरांत ट्रान्झिस्टर म्हणजे खुंटीला टांगलेला रेडिओ. आतला तीन पायांचा मणी कोणी पाहिला नाही, पण त्याचे नाव सर्वांच्या तोंडी झाले.

दुरुस्तीच्या दुकानांतली परिभाषा तर कोणत्याच कोशात सापडत नाही. पंखा फिरेनासा झाला की कारागीर सांगतो, "कंडेन्सर गेलाय." धारित्र तो म्हणत नाही, आणि कपॅसिटरही नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी कधीच मागे टाकलेला हा जुना इंग्रजी शब्द आमच्या बाजारपेठेत अजून नांदतो आहे. रोध करणाऱ्या सुट्या भागाला तो 'रेझिस्टन्स' म्हणतो. गुणाचे नाव त्याने वस्तूला दिले. पुस्तकी दृष्टीने हे चूक, पण या शब्दांवर त्याचा पंखा फिरतो.

'संगणक' मात्र रुजला, आणि तो सचिवाच्याच वाटेने रुजला असे आम्हाला वाटते. विषयांची नावे, कार्यालयांच्या पाट्या, जाहिराती, प्रमाणपत्रे या सर्वांवर तो आला. शिवाय 'गणक' म्हणजे गणित करणारा माणूस, हा शब्द भाषेत होताच. इंग्रजीतही 'कॉम्प्युटर' हा आधी आकडेमोड करणारा माणूसच होता. त्याच यंत्राच्या माउसला मात्र कोणी मूषक म्हटले नाही, आणि बरेच झाले. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये महासंगणक घडवला, त्याचे नाव 'परम'. इंग्रजीत ते समांतर यंत्राचे संक्षिप्त रूप होते, आपल्याला ते आपलेच वाटले. असा योग क्वचित येतो.

त्या पाठानंतर पानशेतकडची एक विद्यार्थिनी वही घेऊन आमच्याकडे आली. दहावीपर्यंत तिने परिपथ, रोध, विभवांतर असेच शिकले होते आणि तिला ते चांगले समजलेही होते. आता ती अकरावी विज्ञानाला होती. वहीत तिने तीन रकाने आखले होते: विश्वकोशाचा शब्द, शाळेचा शब्द, इंग्रजी शब्द. तिसऱ्यापुढे तिने देवनागरीत उच्चार लिहून ठेवले होते. "सर, यातला पेपरात कोणता लिहू?" तिने विचारले.

आम्ही तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले.