निशाणी नांगर

शिवकाळात आणि पेशवाईत गावच्या पाटलाला कागदावर सही करायची वेळ आली की तो नांगर काढी. शेजारी कुलकर्णी त्याचे नाव लिही आणि ‘निशाणी नांगर’ असे नोंदवी. सुताराचे, लोहाराचे, न्हाव्याचेही असेच होते. प्रत्येकाच्या नावाजवळ त्याच्या धंद्याचे हत्यार येई: लोहाराची सांडशी किंवा हातोडा, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, पेठेच्या शेट्याचा तराजू. सही आणि चित्र यांच्या सीमेवरचा हा प्रकार निव्वळ निरक्षरतेतून आला, असे समजणे अपुरे ठरेल.

शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे, सुपे, इंदापूर, चाकण या भागांत वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांचे, तंटे गोतसभेत तुटत. नीरेकाठच्या कळंबसारख्या गावाची शीव किंवा पाटीलकी वादात सापडली, तर देशमुख-देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील आणि बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याचा महजर, म्हणजे सभेचा निर्णयलेख, तयार होई. त्यात प्रथम हजर मंडळींची नावे, मग वादी-प्रतिवादींचे म्हणणे, मग निकाल, आणि साक्षीदारांच्या निशाण्या. चिन्हांची वेगळी नोंदवही कोणी ठेवत नसे, तिची गरजही नव्हती. पंचक्रोशीला निशाणी ठाऊक होती आणि ती सर्वांसमोर उठत होती. सभेतली साक्ष हीच नोंदणी.

मात्र नांगर हे कोणा एका माणसाचे चिन्ह नव्हते. ते वतनाचे होते. इंग्लंडमध्ये १३६३ च्या कायद्याने प्रत्येक सोनाराला स्वतःची खूण ठेवण्याचे बंधन घातले, कारण खोट्या चांदीचा दोष नेमक्या कारागिरावर टाकायचा होता. इकडे सुतार कुणबिकीची अवजारे घडवी आणि मोबदला बलुते म्हणून खळ्यावर धान्यात घेई. अवजार बाजारात जात नसे, त्यामुळे त्यावर नाव कोरून कोणाला काय सांगायचे? सुताराच्या पटाशीची निशाणी वस्तूवर न उमटता कागदावर उमटली, आणि तिने कारागिरी नव्हे तर गावातला हक्क सिद्ध केला.

म्हणूनच वतन वाटले गेले की निशाणीही वाटावी लागे. पाटीलकीच्या वाटण्या आणि खरेदीखते वाचताना हे फार ठळकपणे दिसते. शेतजमीन, हक्क-लाजिम्याच्या बरोबरीने मानपानाची कलमे येतात: पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी कोणाची आधी, टिळा-विडा कोणाला पहिला, आणि कागदावर नाव कोणाचे वर व नांगर कोणाचा. कधी थोरल्याचे नाव वर, धाकट्याचे खाली आणि दोघांत एकच नांगर असाही तोडगा निघे. जमिनीच्या बिघ्यापेक्षा चित्राच्या जागेवरून भाऊ अधिक भांडले, असे वाटावे इतकी या कलमांची काळजी घेतलेली असते. आजच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्या समाजात दर्जाचा पुरावा गावासमोर दाखवावा लागतो, तिथे कागदावरची चार बोटे जागा ही मिळकतच असते.

या निशाण्यांचा अर्थ पुढच्या काळात उरला नाही. इंग्रजी अमदानीत विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठशाला वतन नसते, जात नसते आणि वाटणीही नसते. नांगर गेल्यावर अंगठा आला, हा बदल शाईपुरता नव्हता.

महजर मात्र राहिले. ते वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांत छापले गेले, १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने गोळा केले, आणि पेशवे दफ्तरात जपले गेले. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकीची पदे १९६२ च्या कायद्याने संपली. पण निशाणी हा शब्द अजूनही कचेरीत वावरतो. सही न येणाऱ्याच्या नावापुढे आजही ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिले जाते.