काजू व मधुमेह : चेन्नईतील संशोधन
चेन्नईच्या मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनने डॉ. व्ही. मोहन यांच्या मार्गदर्शनाखाली दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ३०० रुग्णांवर केलेली आहारचाचणी. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक दोन गट पाडून एका गटाला नेहमीच्या मधुमेही आहारासोबत १२ आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू देण्यात आले. त्या गटात सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब उतरला, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल किंचित वाढले. वजन वाढले नाही. रक्तशर्करेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, त्यामुळे काजूला मधुमेहावरील औषध म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. वेंगुर्ल्याच्या काजू बागायतदाराला सुखावणारा रक्तदाब व कोलेस्टेरॉलबाबतचा हा निष्कर्ष तळलेल्या खाऱ्या काजूला किंवा काजूकतलीला अर्थातच लागू नाही. याच संस्थेने पुढे बदामाचीही चाचणी केली.