हार्प्सिकॉर्डचा दुसरा जन्म

पियानो आणि हार्प्सिकॉर्ड लांबून सारखेच दिसतात, पण आतलं काम निराळं आहे. पियानोची पट्टी दाबली की छोटी हातोडी तारेवर आदळते. हार्प्सिकॉर्डमध्ये लाकडाची एक उभी काडी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेलं पिसाचं टोक तार छेडतं, सतारीच्या मिजराबासारखंच. त्यामुळे बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. 1700च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोड्यांचं वाद्य बनवलं आणि लहान-मोठा आवाज बोटाच्या ताब्यात आला. शंभरेक वर्षांत हार्प्सिकॉर्ड मागे पडला, संग्रहालयांत आणि अडगळीत जाऊन बसला.

वाद्याबरोबर ते वाजवण्याची रीतही गेली. आपल्याकडे बंदिशीचा कागद हरवला तरी ती गुरूच्या गळ्यातून शिष्याकडे येते. बाख किंवा कुपरँच्या बाबतीत उलटं झालं. कागद राहिले, परंपरा तुटली. आणि कागदावर सगळं नसतंच. कुपरँच्या फ्रान्समध्ये सारख्या लांबीचे लिहिलेले स्वर पुष्कळदा लांब-आखूड वाजवत. साथीदाराला अनेकदा फक्त खालचे स्वर आणि त्यांवर आकडे मिळत. मधली भर त्याने जागच्या जागी घालायची. जे सगळ्यांना ठाऊक होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही. जुना प्रोग्रॅम हातात आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला ही अडचण ओळखीची वाटेल.

हा तुटलेला धागा शोधणाऱ्यांत अर्नोल्ड डोल्मेच (1858–1940) हे मोठं नाव. फ्रान्समध्ये जन्मलेला हा कारागीर इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. जुनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी बनवू लागला आणि जुन्या ग्रंथांतल्या सूचना गोळा करून 1915 साली त्याने वादनपद्धतीवर पुस्तक काढलं. 1919मध्ये त्याची जुनी मौल्यवान रेकॉर्डर बासरी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर राहून गेली. मग त्याने स्वतःच तशी बासरी घडवली. आज जगभरच्या शाळांत मुलं रेकॉर्डर वाजवतात, त्यामागे त्या हरवलेल्या पिशवीचाही वाटा आहे.

हार्प्सिकॉर्डला पुन्हा मंचावर आणलं ते वॉर्सात जन्मलेल्या वांदा लांदोव्स्काने. तिच्यासाठी पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने 1912मध्ये खास वाद्य बनवलं. कंपनी पियानोवाली, त्यामुळे आत लोखंडी चौकट आली, पायाने चालवायचे पेडल आले, एक सप्तक खाली वाजणारा तारांचा जादा संच आला. 1933मध्ये तिने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ध्वनिमुद्रित केली. 1940मध्ये नाझींनी तिच्या घरातली वाद्यं आणि ग्रंथ लुटून नेले. ज्यू असलेली लांदोव्स्का निसटली आणि 7 डिसेंबर 1941ला, पर्ल हार्बरच्या दिवशी, न्यूयॉर्कला उतरली.

पुढच्या पिढीने तिचं वाद्यच नाकारलं. बॉस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी 1949मध्ये कारखाना काढला, सतराव्या-अठराव्या शतकांतली वाद्यं मोजून-तपासून त्यांच्या धर्तीवर काम केलं. हलकं लाकूड, लोखंड नाही. त्या आवाजापुढे प्लेयेल चुकीचा ठरला.

मग आता खरा आवाज सापडला का? एक आकडा पाहा. आधुनिक वाद्यमेळाचा 'ए' हा स्वर 1939च्या लंडन परिषदेपासून 440 हर्ट्झला धरतात. बरोक संगीताचे आजचे वादक बहुधा 415 धरतात. बाखच्या काळी मात्र गावागावांत पट्टी वेगळी असे. 415 हा सोयीचा आकडा आहे, कारण तो 440च्या बरोबर अर्ध्या स्वराने खाली येतो. म्हणजे 'अस्सल' आवाजाची पट्टीसुद्धा विसाव्या शतकाने आपसांत ठरवली.

याने हबर्ड-डाउड यांचं काम खोटं ठरत नाही; त्यांच्या वाद्यावर बाखचे स्वर जास्त मोकळे ऐकू येतात. पण लांदोव्स्काच्या मुद्रिकेत आज बाखइतकंच 1933 साल ऐकू येतं. आपल्या मुद्रिकांत आपलं साल कुठे दडलंय, ते ऐकायला अजून ऐंशी-नव्वद वर्षं जावी लागतील.