विंचवाचे विष आणि मनाचा शोक

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत विंचवाच्या दंशाने माणूस दगावणे ही पूर्वी नवलाची गोष्ट नव्हती. सरपण उपसताना किंवा अंथरूण झटकताना लाल विंचू डसे, मांत्रिक येई, उतारा होई. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धडधाकट मूल तोंडाला फेस येऊन जाई. हे मरण हृदयाच्या वाटेने येते, हे पुढे महाडच्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवून दिले. मनाच्या दुःखाने हृदय कसे ढासळते हे समजून घ्यायला मला हाच इतिहास सर्वांत जवळचा वाटतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरीच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या खाटेशी रात्ररात्र बसून त्यांनी नोंदी केल्या: घामाच्या धारा, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी पाण्याने भरलेली फुप्फुसे. ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते आणि शरीर स्वतःचेच अ‍ॅड्रेनलिनसारखे स्राव पुराच्या लोंढ्यासारखे सोडू लागते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते. म्हणजे घाव घालणारा विंचू असला, तरी हत्यार आपल्याच घरातले असते! रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध या लोंढ्याला आवर घालते, असे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शेकडा पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हाच लोंढा दंशावाचूनही सुटतो. मनाचे सुखदुःख हृदयापर्यंत पोहोचते, असे रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने १६२८ सालीच लिहून ठेवले होते. १९९० साली जपानमध्ये डॉ. सातो यांनी एका विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे अष्टपाद पकडण्याचे मडके. अशा रुग्णाच्या हृदयाला तसाच फुगीर आकार येतो. रक्तवाहिनीत अडथळा नसतो, पण छातीत कळ येते. रुग्ण बहुधा उतारवयातील स्त्रिया असतात, आणि पुष्कळदा नुकतेच घरचे कोणी गेलेले असते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा तेच स्राव कितीतरी पटींनी वाढलेले आढळले. सुदैवाने बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

रेंगाळणारे दुःख मात्र वेगळे. १९९३ साली मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेजर-स्मिथ यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील विषण्णतेने ग्रासलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका सुमारे चौपट होता. त्याची कारणे अनेक आहेत. झोप उडते, गोळ्या चुकतात, मशेरी-तंबाखू वाढते, रक्तातील बिंबिका अधिक चिकट होतात. विषण्णतेवर उपचार केले की आयुष्य हमखास वाढते, असे मात्र २००३ सालच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले नाही. मन सुधारले, मृत्यू घटले नाहीत. माझ्या मते मन सुधारणे हेही थोडके नव्हे.

येथे आम्हा धर्मगुरूंना एक कबुली द्यावी लागेल. चौथ्या शतकात इव्हाग्रियस या तपस्व्याने आठ कुविचारांच्या यादीत खिन्नतेला बसवले आणि तिची सावली आमच्या प्रवचनांवर फार काळ पडली. उदास माणसाला आम्ही श्रद्धेत उणा ठरवत आलो. वास्तविक गेथशेमानीच्या बागेत प्रभूचा जीवही शोकाने व्याकूळ झाला होता. ज्या घरात काट्यांनी वेढलेल्या पवित्र हृदयाची तसबीर लावलेली असते, त्याच घरातील विधवेला ‘आता रडू नकोस’ म्हणून बजावले जाते.

सावित्रीच्या या खोऱ्याला शोक नवा नाही. २५ जुलै २००५ रोजी जुई आणि दासगावात दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुलाबरोबर एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवशी पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माती घसरली. मृतांची मोजदाद झाली. मागे राहिलेल्यांच्या छातीतील कळ कोणत्या नोंदवहीत लिहायची?

आपल्याकडे मयताच्या घरी पहिले काही दिवस माणसांची रीघ असते. महिन्याची मिस्सा झाली की ती ओसरते. शोक करणाऱ्या बाईची झोप नेमकी त्यानंतर उडते. आणि धाप लागते म्हणून ती दवाखान्यात जाते, तेव्हा घरी कोण गेले, हे तिला बहुधा कोणी विचारत नाही.