सोनाराचा खडा आणि लॅपटॉपची बॅटरी

संगणकाची 'एक्स्टेंडेड वॉरंटी' हा आजचा ताप वाटतो, पण त्याचं मूळ चारशे वर्षं जुनं आहे.

इंग्लंडात एका सोनाराने 'बेझोअर' म्हणून एक खडा १०० पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे बकरीसारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा मानत. (त्याच शतकात गोव्याचे जेझुइट पाद्री कृत्रिम बेझोअर बनवत, त्याला 'गोवा स्टोन' म्हणत.) घेणारा म्हणाला, खडा खोटा आहे. १६०३ साली न्यायालयाने निकाल दिला: सोनाराने 'हा बेझोअर आहे' एवढंच सांगितलं, 'हमी देतो' असं म्हटलं नाही, तेव्हा दावा चालत नाही!

पुढे कायदा शहाणा झाला. आपल्याकडे १९३०च्या मालविक्री कायद्याने काही बाबतींत न बोललेली हमीही मानली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याची जागा पुढे २०१९च्या कायद्याने घेतली. म्हणजे काही हमी न मागताही मिळते.

मग जादा पैसे घेऊन विकतात ते काय? दुकानातला मुलगा म्हणाला होता, "काका, सगळं कव्हर होतं." दुसऱ्या वर्षी बॅटरी गेली, तेव्हा बारीक अक्षरांतलं कलम पुढे आलं: बॅटरी वगळून. पेन्शनीतले पैसे गेले ते गेलेच.

सोनार आणि तो मुलगा, दोघांचं बोलणं एकाच जातीचं. म्हणून नातवंडांना सांगतो, दुकानदार 'सगळं' म्हणाला की तो शब्द बिलावर लिहून मागा. लिहायला कचरला, तर समजून जा.